कौतिकभाऊ आणि नियम चौदा

कौतिकभाऊ मला पहिल्या दिवशी आवडला नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी गहिवराची अपेक्षा ठेवणार नाही. तोंडावर मी त्याला 'भाऊ, तुम्ही' म्हणायचे, कारण तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. पाठीमागे 'तो' म्हणायचे, आणि इथेही 'तो'च म्हणणार आहे.

धुळ्याच्या एका लॉ कॉलेजच्या लायब्ररीत तो परिचर होता. परिचराचं काम पुस्तकं काढून द्यायची, परत आली की जागेवर ठेवायची, एवढंच. पण ग्रंथपालाची जागा सहा-सात वर्षं भरलीच नव्हती. त्यामुळे खिडकीशी असलेल्या ग्रंथपालाच्या लाकडी खुर्चीत हा बसायचा आणि कुठल्याही ग्रंथपालाने केला नसता इतका माज करायचा. शिक्षण दहावी, गाव कापडणे, नोकरी सव्वीस वर्षं. त्याची इच्छा एकच होती आणि ती तो लपवत नसे: त्या खुर्चीतून रिटायर व्हायचं. दीड वर्ष राहिलं होतं. मी कॉलेजात आले त्या वर्षी माझीही एकच इच्छा होऊन बसली, ती म्हणजे त्याला त्या खुर्चीतून उठवायचं. दोघांपैकी एकाचीच पुरी होणार होती. माझी झाली.

मी पहूरची, तालुका जामनेर. बी.कॉम. जळगावला केलं. त्या तीन वर्षांत अकाउंट्सपेक्षा जास्त मेहनत मी माझ्या बोलण्यावर घेतली. आमच्याकडे 'मला'ला 'मले' म्हणतात, 'माझं'ला 'माह्यं'. जळगावच्या हॉस्टेलमधल्या मुली पहिल्या आठवड्यात हसल्या, आणि मी ठरवलं की पुन्हा कुणाला हसायला मिळणार नाही. आरशासमोर बोलून बोलून जीभ घासून काढली. घरी फोनवरसुद्धा आईशी शहरी बोलायचे. आई, पुष्पाबाई तिचं नाव, ती म्हणायची, "तू माह्याशी बोलून राह्यली का बँकेतल्या बाईशी?" मी २०२३ मध्ये सीईटी देऊन धुळ्याला लॉला आले, तेव्हा माझ्या बोलण्यावरून माझं गाव ओळखणारा माणूस उरला नव्हता. याचा मला फार अभिमान होता.

पहिल्याच दिवशी लायब्ररीत गेले. करार कायद्याचं गाईड हवं होतं. सीनियर मुलींनी सांगितलं होतं, गाईड घे, मागच्या पाच वर्षांचे पेपर घे, प्रश्न पाठ कर, पास. मी कार्ड पुढे केलं. कौतिकभाऊने कार्डाकडे बघितलंही नाही.

"कोन गावनी?"

"पहूर."

"हं. ए पहूर, हाई ले." त्याने एक पातळ पुस्तक टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. नुसता कायदा, मूळ अधिनियम, कलमांखाली कलमं, ना उदाहरण ना उत्तर. "कलम सात वाच. मंग तुन्ही मायले सांगशी तसं माले सांग. घरनी बोलीमा. कलममाधला एक शब्द वापरानं नही."

"मला गाईड हवंय."

"गाईड कपाटमा शे."

कपाट लोखंडी होतं आणि त्याची किल्ली त्याच्या कमरेच्या कडदोऱ्याला होती. तिथून ती काढून घेण्याची सोय कुठल्याही नियमात नव्हती. नंतर कळलं की हा प्रकार नव्या प्रत्येक विद्यार्थ्याशी होतो. कुणालाही नावाने हाक नाही, सगळे गावाने. आणि पहिलं सत्र संपेपर्यंत गाईड नाहीच. रोज एक कलम, खुर्चीशेजारी उभं राहून, वाचनकक्षातल्या तीस-पस्तीस जणांच्या देखत, घरच्या बोलीत. ते त्याला पटलं तर पुढचं कलम, नाही पटलं तर उद्या परत तेच.

भूपेंद्र नावाचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. देवपुरातला, वडील आणि काका दोघेही वकील, गळ्यात चेन. त्याची आजी अहिराणी बोलायची, त्यामुळे त्याने कलम सात दहा मिनिटांत उरकलं आणि मला म्हणाला, "सोपं असतं ग." त्या दिवसापासून मला भूपेंद्रही आवडत नाही.

कलम साताचा अर्थ असा की समोरच्याने ठेवलेला प्रस्ताव आहे तसा, अट न घालता स्वीकारला, तरच करार होतो. मी हे शुद्ध मराठीत, स्वच्छ उच्चारात सांगितलं. कौतिकभाऊ खिडकीबाहेर बघत होता.

"हाई पुस्तकनं शे. तुन्ही माय आशी बोलस का?"

वाचनकक्ष हसला. दुसऱ्या दिवशी मी भूपेंद्रकडून शिकून तेच अहिराणीत म्हणून दाखवलं. 'शे' आणि 'बठ्ठा' जागोजागी पेरलं. त्याने हात वर केला. "हाई आमनी बोली शे. तुमनी पहूरनी येगळी. चोरू नको." पुन्हा हसू. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. चौथ्या दिवशी गेले, कारण गाईड हवंच होतं आणि बाहेरच्या दुकानातलं संपलं होतं.

उभी राहिले, जमिनीकडे बघत बोलले: "समजा गावातला एक जन म्हने, बैल देतो, घेते का? म्या म्हनलं, घेते, पन झूल तुमची पायजे. त सौदा नाही झाला. त्याचं बोलनं मोडलं. आता माह्यं बोलनं नवं सुरू झालं, त्यानं हो म्हनलं तरच सौदा."

'माह्यं' वर सगळा कक्ष फुटला. मागून कुणीतरी 'माह्यं, माह्यं' असं दोनदा म्हणालं. कौतिकभाऊ हसला नाही. पण त्याने कुणाला गप्पही केलं नाही, आणि हे मी त्याला कधी माफ करणार नाही. तो फक्त म्हणाला, "बैल बरा शे. उद्या कलम आठ."

हॉस्टेलवर जाऊन मी रडले. तीन वर्षं घासून काढलेली जीभ या माणसाने चार दिवसांत परत पहूरला नेऊन ठेवली होती, तीही चव्हाट्यावर. त्या दिवसापासून वर्गातली दोन-तीन मुलं मला 'बैल' म्हणू लागली. कलम सात मी आजवर विसरले नाही, हे खरं. पण कुत्रा चावला तर तेही माणूस विसरत नाही, म्हणून कुणी कुत्र्याला गुरुजी म्हणत नाही.

कॉलेजमध्ये झाडलोट करणाऱ्या सुनंदाबाईंनी एकदा मला समजवायला बघितलं. त्या म्हणाल्या की कौतिकभाऊच्या वडिलांना फार वर्षांपूर्वी तहसीलमधून जमिनीची एक नोटीस आली होती. तो ती कॉलेजात घेऊन आला. शेवटच्या वर्षातल्या एका हुशार विद्यार्थ्याला हात जोडून घरी नेलं. त्या विद्यार्थ्याने सगळी नोटीस खणखणीत आवाजात वाचली, अर्थही सांगितला. कौतिकभाऊची आई म्हणाली, "म्हंजे काय?" त्याने परत सांगितलं. ती परत म्हणाली, "म्हंजे काय?" तिसऱ्यांदा विचारल्यावर तो चिडून निघून गेला आणि नोटीस तशीच राहिली. मुदत गेली. तेव्हापासून भाऊ असा झाला म्हणे.

सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं. मी म्हटलं, मग त्याने त्या विद्यार्थ्याला शोधावं, माझ्या मागे का लागलाय?

डिसेंबरात सत्रपरीक्षेला पाच आठवडे उरले. तरी गाईड नाही. कलम तेवीसवर मी तीन दिवस अडकले होते, आणि तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पहूर, तुन्हा डोकामा काही शिरत नही का?" मी त्या दुपारी तक्रार अर्ज लिहिला. दोन पानं भरून. उद्धट, अपमानास्पद, हुकूमशाही, मानसिक छळ, जे जे सुचलं ते सगळं. प्राचार्यांच्या नावाने, खाली सही.

आता आमच्या कॉलेजची तऱ्हा बघा. ऑफिसात माणसं कमी, म्हणून दुपारी दोन ते चार आवक-जावकच्या टेबलावर कौतिकभाऊच बसायचा. बाहेरून आलेला प्रत्येक कागद तो वाचून, रजिस्टरला नोंदवून, त्यावर शिक्का मारायचा. मला हे माहीत नव्हतं. मी अर्ज घेऊन खिडकीशी गेले आणि आत हा.

परत फिरले असते तर घाबरले असं झालं असतं. मी अर्ज पुढे केला. त्याने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"हाई अर्ज शे का भांडण?"

"शिक्का मारा."

"मारस. पन हाई टिकनार नही." त्याने पेनाच्या टोकाने माझी ओळ दाखवली. "उद्धट म्हने. कोनता दिनले? काय बोलनू? कोन व्हतं तठे? नियम कोनता मोडा? नियम नही त अर्ज नही. तुले वाईट वाटनं, ते प्रिन्सिपल काय करी?"

मी अर्ज त्याच्या हातातून ओढून घेतला. मला वाटलं, ठीक आहे, हेच पाहिजे ना? बघच आता.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. लायब्ररीची छापील नियमावली ऑफिसातून मागून घेतली. आपली मागणीपत्रकं असतात ती गोळा केली, म्हणजे कुठल्या तारखेला कुणी गाईड मागितलं आणि मिळालं नाही ते. माझी अकरा होती, मोहिनी नावाच्या मैत्रिणीची नऊ, भूपेंद्रची सहा. नियमावलीत शोधत शोधत नवव्या पानाच्या तळाशी नियम चौदा सापडला: नोंदणीकृत विद्यार्थ्याने मागितलेले पुस्तक उपलब्ध असल्यास ते त्याच दिवशी देणे कर्मचाऱ्यावर बंधनकारक राहील. मी ओरडलेच. त्या पानाची झेरॉक्स काढली. मग अर्ज लिहिला, एक पान. अमुक तारखांना अमुक पुस्तक मागितले. पुस्तक कपाटात उपलब्ध होते. दिले नाही. हजर असलेल्यांची नावे. नियम चौदाचा भंग. योग्य ती कारवाई व्हावी. त्यात एकही विशेषण नव्हतं. कसं लिहायचं ते मला शत्रूनेच सांगितलं होतं, आणि त्याचं मला तेव्हा हसू येत होतं.

दोन वाजता खिडकीशी गेले. त्याने वाचलं. झेरॉक्स बघितली. झेरॉक्सचं पान उलटून बघितलं, मागे कोरं होतं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, घाबरला.

"आते शे अर्ज," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची समिती नेमली. आम्हाला एकेकाला आत बोलावलं. मी तारखा सांगितल्या, भूपेंद्रने सांगितल्या, मोहिनी रडली. कौतिकभाऊकडून लेखी खुलासा मागवला. त्याने दोन ओळींचा दिला: अर्जातील तारखा खऱ्या आहेत. नियम चौदा समितीने संपूर्ण वाचावा.

समितीतले एक सर वर्गात आम्हाला चिडून म्हणाले, "आम्हाला वाचायला सांगतो! परिचर!" समितीने अर्जाला जोडलेली झेरॉक्स वाचलीच होती. नियमभंग सिद्ध, खुलाशाची भाषा उद्धट, पश्चात्ताप नाही. जानेवारीत त्याची बदली संस्थेच्या साक्री रोडवरच्या भांडारात झाली. तिथे मोडके बाक, रंगाचे डबे आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात.

तो गेला त्या दिवशी मी मुद्दाम वाचनकक्षात बसले होते. त्याने कडदोऱ्याची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली, टिफिनची पिशवी घेतली, आणि निघाला. कुणी उठलं नाही. भूपेंद्रने बाकाखालून मला अंगठा दाखवला. मला खरं सांगायचं तर खूप बरं वाटलं. घरी फोन केला आणि आईला सांगितलं. ती म्हणाली, "किती वर्साचा होता?" मी म्हटलं, त्याचा काय संबंध?

कपाट उघडलं. गाईड सगळ्यांना मिळालं. सत्रपरीक्षेचा निकाल लागला तेव्हा करार कायद्यात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते. गाईड मी उघडून बघितलं होतं, पण पेपरात लिहिताना डोक्यात बैल आणि झूलच येत होती. भूपेंद्र दोन विषयांत राहिला. त्याचं गाईड तोंडपाठ होतं, पण प्रश्न थोडा फिरवून विचारला होता.

पुढच्या वर्षी, २०२४च्या सप्टेंबरात, प्राचार्यांनी मला बोलावलं. नव्या विद्यार्थ्यांसाठी चार पानांचं माहितीपत्रक काढायचं होतं, कायद्याचा अभ्यास कसा करावा यावर. "तू टॉपर आहेस, तूच लिही." मी लिहिलं. मूळ कलम आधी वाचा. आपल्या घरच्या बोलीत, घरच्या माणसाला सांगता आलं तरच समजलं असं माना. कलमातला शब्द वापरू नका, घरातलं उदाहरण द्या. तक्रार लिहा, उत्तर लिहा, काहीही लिहा, आधी तारीख आणि नियम. सगळंच्या सगळं त्याचं, खाली नाव माझं. प्राचार्य म्हणाले, "फार मौलिक आहे." मी गप्प बसले. गप्प बसायला मला काही जड गेलं नाही, हेही सांगते.

शेवटच्या पानावर लायब्ररीचे नियम छापायचे होते. तेवढ्यासाठी मी नियमावली परत काढली आणि टाईप करायला बसले. नियम चौदा झाला. नववं पान संपलं. उलटलं. दहाव्या पानाच्या पहिल्या ओळीला लिहिलं होतं:

परंतु, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास पहिले सत्र संपेपर्यंत मार्गदर्शिका न देता मूळ अधिनियमच देण्याचा अधिकार ग्रंथालयास राहील.

मी ती ओळ तीन-चार वेळा वाचली. त्याने एकही नियम मोडला नव्हता. मी अर्ज लिहिला तेव्हा नियमावली माझ्या हातात होती, पूर्ण पुस्तक. पण पानाच्या तळाशी मला हवं ते सापडलं, आणि हवं ते सापडल्यावर मी पान उलटलं नाही. समितीने माझी झेरॉक्स वाचली. तीन प्राध्यापक, तिघेही कायदा शिकवणारे. 'संपूर्ण वाचावा' असं त्या माणसाने लिहून दिलं होतं, तरी त्यांनी तो उद्धटपणा मानला.

प्राचार्यांकडे गेले. त्यांनी दहावं पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "फाईल बंद झाली आहे. अपिलाची मुदत तीस दिवस होती. त्याने केलं नाही." मी म्हटलं, विलंब माफीचा अर्ज करता येईल. ते म्हणाले, "करायचा त्याने. तू कोण?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि सारिका, आता लायब्ररी शांत आहे. कुणाची कटकट नाही." दहावं पान वाचल्यावर माहितीपत्रकात मी कौतिकभाऊच्या नावाची एक ओळ घातली होती. ती त्यांनी माझ्यासमोरच काट मारून काढली.

लायब्ररी शांत होती, हे खरं. नवा परिचर जे मागेल ते काढून द्यायचा. जुलैपासून फौजदारी कायदे बदलले होते, कलमांचे आकडे सगळे नवे. आणि हा नव्या मुलांना जुन्या दंडसंहितेची गाईडं वाटत होता. मुलं ती पाठ करत होती. मी दोघा-तिघांना सांगितलं, तर त्यांना वाटलं मी शायनिंग मारते.

मी विलंब माफीचा अर्ज तयार केला. पूर्ण. त्यात माझी चूक माझ्या शब्दांत लिहिली आणि दोन्ही पानांची झेरॉक्स जोडली. त्याची फक्त सही पाहिजे होती. रिक्षा करून साक्री रोडला गेले. भांडाराच्या दारात तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. आधीपेक्षा वाळला होता. मला बघून उठला नाही.

"भाऊ, नियम चौदाला परंतुक आहे. पुढच्या पानावर."

"शे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच टाईपवालाले वाची दाखाडं व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"लिखं व्हतं. संपूर्ण वाचावा."

मला इतका राग आला की मी ओरडले. "एवढ्यावर कोणाला कळणार? तोंडाने सांगायला काय झालं होतं? अडकला होता का गळा?"

"तीन प्रोफेसर व्हतात," तो म्हणाला. "कायदा शिकाडतस. त्यास्ले मी सांगू, पान उलटा म्हनीसन?" मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आनी तू. इतलं बारीक लिखीसन अर्ज लई उनी व्हती. झेरॉक्स दखी तवय माले समजनं, तू पान उलटं नही. पन माले वाटनं, चौकशीना आधी तरी वाचशी."

मी अर्ज आणि पेन पुढे केलं. "इथे सही करा. मी प्राचार्यांकडे भांडते. तुमचे आठ महिने राहिलेत. ते तरी लायब्ररीत काढा."

त्याने अर्ज घेतला, चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला. जोडलेली दोन्ही पानंही वाचली. सगळा कागद नीट घडी करून मला परत दिला.

"नही करस."

"का?"

"तुले हलकं वाटाले पाहिजे म्हनीसन मी सही करू का?"

मी नाही म्हणाले. पण ते खोटं होतं आणि त्याला कळलं की ते खोटं आहे. मी रिक्षात बसेपर्यंत तो स्टुलावर तसाच बसून होता, माझ्याकडे पाठ करून.

मी तो अर्ज माझ्या एकटीच्या सहीने प्राचार्यांना दिला. आवक क्रमांक पडला. उत्तर आलं नाही. दोनदा स्मरणपत्र दिलं, तेव्हा ऑफिसातून निरोप आला की पुन्हा असा पत्रव्यवहार केल्यास शिस्तभंग समजला जाईल.

२०२५च्या मे महिन्याच्या अखेरीस संस्थेतले चौघे एकदम रिटायर झाले. हॉलमध्ये सत्कार ठेवला होता. विद्यार्थ्यांना बोलावणं नव्हतं, मी गेले. मागच्या रांगेत सुनंदाबाईंच्या शेजारी बसले. कौतिकभाऊ स्टेजवर शेवटच्या खुर्चीत, नवा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. त्याची पाळी आली तेव्हा सूत्रसंचालकाने कागदावरून वाचलं: "भांडार विभागात प्रामाणिकपणे सेवा बजावणारे आमचे कौतिकभाऊ." शाल दिली, नारळ दिला. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. लायब्ररीचा शब्द नाही. त्या कागदावर सव्वीस वर्षं नव्हतीच.

मी उभी राहिले. ठरवून नाही, उभीच राहिले. "भांडार नाही," मी मोठ्याने म्हणाले. "ते लायब्ररीत होते. सव्वीस वर्षं लायब्ररीत होते. त्यांना तिथून..."

सगळा हॉल मागे वळला. सूत्रसंचालकाने माईक खाली घेतला. प्राचार्यांचा चेहरा लाल झाला. आणि कौतिकभाऊ शाल सावरत स्टेजवरूनच, माईकशिवाय, वाचनकक्षात बोलायचा त्याच आवाजात म्हणाला,

"बस खाले."

मी काही बोलायला तोंड उघडलं.

"बस म्हनस ना. कोनी काढं माले तठून? तू सांगशी आते?"

सुनंदाबाईंनी माझा हात धरून ओढला. मी बसले. पुढच्या माणसाला शाल द्यायला सुरुवात झाली, आणि मी तो कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसून राहिले, कारण उठून जायला मला दार नाही, तोंड पाहिजे होतं.